संगणक बदलल्यावर भरतकाम अडले तर: ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याआधी करावयाच्या तपासण्या

घरगुती भरतकामाच्या व्यवसायात नवा लॅपटॉप आल्यावर, विंडोज अद्ययावत झाल्यावर किंवा घरातला मॅक कामाला घेतल्यावर जी अडचण उभी राहते, ती पुढीलपैकी एखाद्या लक्षणातून दिसते.

– पेनड्राइव्ह मशीनला लावला तरी मशीन तो ओळखत नाही, किंवा तो रिकामा दाखवते.
– डिझाईनचे नाव यादीत दिसते, पण ते उघडत नाही.
– एकाच डिझाईनच्या दोन नोंदी दिसतात आणि त्यांपैकी एक निकामी असते.
– मशीनच्या पडद्यावर रंग भलतेच दिसतात.
– पंचिंगचे, म्हणजे चित्राचे टाके करणारे, सॉफ्टवेअर ‘डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) सापडत नाही’ असा संदेश देते, किंवा सुरू होताच बंद पडते.
– देवनागरी नावातली जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या भलत्या जागी पडतात किंवा अक्षरांऐवजी चौकोन येतात.

सोलापूर परिसरात गणवेशांवरची बोधचिन्हे, टॉवेलांवरची नावे आणि ब्लाउजच्या बाह्या घरून करून देणाऱ्या भगिनींकडे ही दुरुस्ती मी वारंवार केली आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या तोंडावर आणि लग्नसराईत असे बोलावणे हमखास येते. बोलावणाऱ्याच्या मनात प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: विंडोज बदलू, मॅक घेऊ की लिनक्स टाकू? माझे ठाम मत असे आहे की ऑपरेटिंग सिस्टिम ही या साखळीतली शेवटची कडी आहे. आधी मशीन, मग त्याला समजणारे फाइलचे स्वरूप, मग ते स्वरूप तयार करणारे सॉफ्टवेअर, मग त्या सॉफ्टवेअरचे डोंगल आणि त्याचा ड्रायव्हर (संगणकाला ते उपकरण वापरता यावे म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर), आणि हे सगळे जिच्यावर चालेल ती ऑपरेटिंग सिस्टिम, असा क्रम ठेवला तर निवड जवळजवळ आपोआप ठरते. म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने, म्हणजे फुकट आणि सोप्यापासून खर्चिक आणि अवघडापर्यंत मांडल्या आहेत.

हात घालण्यापूर्वी सर्व डिझाईनची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर करून ठेवावी. त्यात केवळ टाक्यांच्या फाइली पुरेशा नाहीत. सॉफ्टवेअरच्या मूळ कामाच्या फाइली, म्हणजे विलकॉम या पंचिंग सॉफ्टवेअरची ईएमबी किंवा तत्सम, अवश्य घ्याव्यात. टाक्यांच्या फाइलमध्ये सुई कोठे पडते एवढीच माहिती असते, तर मूळ फाइलमध्ये आकार, भरावाची दिशा आणि घनता असते. ती गेली तर एखाद्या शाळेचे बोधचिन्ह पुन्हा पहिल्यापासून पंच करावे लागते.

मशीन स्वतः ठीक आहे का

मशीनमध्ये मुळात भरून दिलेले एखादे फूल किंवा अक्षर चिंधीवर भरून पाहावे. पाच मिनिटांच्या या कामाने प्रश्नाचे दोन भाग पडतात. अंगभूत डिझाईन नीट भरले गेले, तर मशीनचा यांत्रिक भाग शाबूत आहे आणि दोष फाइलच्या वाटेवर कोठेतरी आहे. अंगभूत डिझाईनमध्येही धागा तुटत असेल किंवा खालचा धागा वर येत असेल, तर सुई, ताण आणि बॉबिन पाहावे. संगणकाचा त्याच्याशी संबंध नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलून त्यात काडीचाही फरक पडणार नाही.

पेनड्राइव्ह

‘नवा लॅपटॉप मशीनला चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते. घरगुती भरतकामाच्या मशीनमधला छोटा संगणक साधारणपणे फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचतो. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीने विकले जातात, आणि विंडोजवर नव्याने फॉरमॅट करताना चुकून एनटीएफएस निवडले जाते. विंडोजला या तिन्ही पद्धती सारख्याच कळत असल्याने पेनड्राइव्ह तेथे उत्तम चालतो आणि संशय मशीनवर जातो.

उपाय स्वस्त आहे. भरतकामासाठी ८ किंवा १६ जीबीचा एक साधा पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा, त्यातला मजकूर आधी काढून घेऊन तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करावा आणि त्यावर लग्नाचे फोटो किंवा गाणी ठेवू नयेत. मॅकवर फॉरमॅट करताना डिस्क युटिलिटीमध्ये ‘एमएस-डॉस फॅट’ निवडावे आणि आराखडा म्हणून ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ घ्यावा. तेथे ‘जीयूआयडी’ राहिले तर फॅट असूनही काही मशीन पेनड्राइव्ह ओळखत नाहीत. एकाच डिझाईनच्या दोन नोंदी दिसण्याचे कारणही मॅकच असते. फाइल फॅटच्या पेनड्राइव्हवर टाकताना मॅक तिच्याबरोबर, ठिपका आणि अधोरेषेने नाव सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल ठेवू शकतो. मॅकवर ती दिसत नाही, पण मशीन तिलाही डिझाईन समजून उघडू पाहते. हा बिघाड नाही. पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावून त्या नोंदी काढून टाकता येतात.

पेनड्राइव्ह नेहमी ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय वापरूनच काढावा. फाइल लिहून पूर्ण होण्याआधी तो उपसला किंवा त्याच वेळी वीज गेली, तर नाव नोंदले जाते पण आतले टाके अर्धवट राहतात, आणि अशी फाइल मशीनवर उघडत नाही किंवा मधेच थांबते.

फाइलचे स्वरूप, नाव आणि माप

ब्रदरची मशीन पीईएस वाचतात, जनोमची, म्हणजे आपल्याकडे उषा जनोम या नावाने मिळणारी, जेईएफ वाचतात, आणि डीएसटी हे ताजिमाच्या औद्योगिक मशीनकडून आलेले स्वरूप आता बहुतेक ठिकाणी चालते. विंडोज नेहमीच्या मांडणीत फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते, त्यामुळे ईएमबी आणि डीएसटी यांतला फरक यादीत चटकन दिसत नाही आणि कामाची मूळ फाइलच मशीनकडे जाते. म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन नावाचा हा भाग दाखवण्याचा पर्याय एकदाच चालू करून ठेवावा. चित्राच्या फाइलचे नाव बदलून शेवटी पीईएस लिहिल्याने तिच्यात टाके येत नाहीत. चित्राचे टाके करण्यासाठी पंचिंग करावेच लागते. पीईएसच्याही अनेक आवृत्त्या आहेत. नव्या सॉफ्टवेअरने केलेली फाइल जुन्या मशीनवर उघडत नसेल, तर सेव्ह करताना जुनी आवृत्ती निवडून पाहावी.

नावात रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि अधोरेषा एवढेच असावे. देवनागरीतले फाइलनाव संगणकाला चालते, पण पुष्कळ मशीनना ते वाचता येत नाही. जुन्या मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर नाव आठ अक्षरांच्या आत ठेवणे सुरक्षित असते.

मापाची एक गफलत विशेष सांगण्याजोगी आहे. लहान हूपला, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीला, आपण सर्रास ‘चार बाय चार’ म्हणतो, पण त्याचे भरतकामाचे क्षेत्र १०० बाय १०० मिलिमीटर असते आणि चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये बरोबर चार इंचांचे केलेले डिझाईन हूपबाहेर जाते आणि मशीन ते नाकारते किंवा यादीत दाखवतच नाही. नव्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकताना मोजमाप इंचावर राहिले असेल, तर काल चालणारी पद्धत आज अचानक बिघडल्यासारखी वाटते. एकक मिलिमीटर ठेवावे आणि कडेला थोडी मोकळीक सोडावी.

रंग भलतेच दिसणे हा डीएसटीचा स्वभाव आहे. त्या स्वरूपात टाक्यांच्या हालचाली, उड्या आणि रंग बदलण्यासाठी थांबण्याच्या खुणा असतात. कोणता रंग, हे त्यात नोंदलेलेच नसते. मशीन आपल्या मनाने रंग दाखवते. रंगांचा क्रम कागदावर छापून मशीनजवळ ठेवला की काम बिनचूक होते, आणि यासाठी संगणकाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

केबल, हब आणि यूएसबीचे तोंड

मशीन थेट केबलने जोडले जात असेल, तर केबल माहिती वाहून नेणारी आहे की केवळ चार्जिंगची, हे दुसरी केबल लावून पाहावे. डोंगल हबमध्ये असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावावे, कारण हबला पुरेशी वीज मिळाली नाही की डोंगल मधूनच नाहीसे होते आणि सॉफ्टवेअर अर्ध्या कामात थांबते. वाय-फायने डिझाईन पाठवणारी मशीन बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावरच चालतात. राउटर बदलून फक्त ५ गिगाहर्ट्झचे जाळे चालू ठेवले असेल, तर दोष तेथे आहे.

देवनागरी अक्षरे

बारशाच्या दुपट्यावर ‘श्रीकृष्ण’ किंवा मुंजीच्या उपरण्यावर ‘चि. आत्मज’ भरून देणाऱ्यांना ही अडचण सर्वांत जास्त छळते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. येथे दोन वेगळी कारणे एकत्र मिसळलेली असतात.

पहिले कारण फॉन्टचे. यूनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीचे, श्रीलिपीसारख्या प्रणालींतले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर जुनी फाइल उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. मूळ फॉन्ट त्याच्या परवान्यासह नव्या संगणकावर टाकला की हे सुटते.

दुसरे कारण सॉफ्टवेअरच्या क्षमतेचे. यूनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराची जोडाक्षरे जुळवणे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणे हे काम मजकूर मांडणाऱ्या यंत्रणेला करावे लागते. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ही सोय आहे, पण पंचिंगच्या पुष्कळ सॉफ्टवेअरांचा अक्षरविभाग ती वापरत नाही. त्यामुळे वर्डमध्ये सुंदर दिसणारे नाव तेथे तुटते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलून यात काहीच साधत नाही. यावर मी सुचवतो तो मार्ग असा: नाव इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यूनिकोडने टाइप करावे, त्याचे ‘पाथ’मध्ये रूपांतर करावे, मग सर्व अक्षरे ‘युनियन’ने एकसंध करावीत आणि तो आकार टाक्यांसाठी घ्यावा. एकसंध करणे टाळू नये. प्रत्येक अक्षराबरोबर शिरोरेखेचा स्वतंत्र तुकडा येतो आणि ते तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. तसेच ठेवले तर त्या जागी टाके दुप्पट पडून कापड कडक होते आणि सुई मोडण्याची वेळ येते.

सॉफ्टवेअर आणि डोंगल

वरचे सगळे पाहून झाल्यावरच संगणकाच्या आत शिरावे. डोंगल लावून डिव्हाइस मॅनेजर उघडावे. तेथे डोंगलपुढे पिवळे चिन्ह असेल, तर डोंगल पोहोचले आहे पण त्याचा ड्रायव्हर चालत नाही. ६४ बिटच्या विंडोजला अधिकृत स्वाक्षरी असलेलाच ड्रायव्हर चालतो, आणि विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा काही जुने ड्रायव्हर अडवते. सॉफ्टवेअरच्या किंवा डोंगलच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा, आधी डोंगल काढावे, ड्रायव्हर बसवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग डोंगल लावावे. सुरक्षा कायमची बंद ठेवून काम चालवू नये, कारण याच संगणकावर आपले बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांचे पत्ते असतात.

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर अद्ययावतीनंतर बंद पडले असेल, तर त्याला दुरुस्ती नाही. विंडोजची सुरक्षा त्यातल्या फाइली उचलून बाजूला ठेवते आणि तिचे ते कामच आहे. परवान्याचे पैसे हाताशी नसतील, तर इंकस्केपला जोडून चालणारे इंकस्टिच वापरावे. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि डीएसटी, पीईएस, जेईएफ या स्वरूपांत फाइल देते. शिकायला वेळ लागतो हे खरे, पण पुढे ते कोणत्याही अद्ययावतीने परवान्याअभावी अडत नाही.

नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसतच नसेल, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ येथे दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल, तर ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीही बसवू देत नाही, त्या मोडमधून बाहेर पडणे विनामूल्य आहे, मात्र परत जाता येत नाही. आणि प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, इंटेल किंवा एएमडीऐवजी एआरएम प्रकारचा असेल, तर नेहमीची सॉफ्टवेअरे अनुकरणाने बरीचशी चालतात, पण ड्रायव्हरला अनुकरण लागू होत नाही. एआरएमसाठी खास केलेला ड्रायव्हर नसेल तर डोंगल तेथे चालणार नाही. असा लॅपटॉप परत देण्याची मुदत शिल्लक असेल तर ती वाया घालवू नये.

मोठ्या अद्ययावतीनंतरच बिघाड सुरू झाला असेल, तर ‘रिकव्हरी’मधला ‘गो बॅक’ हा पर्याय साधारण १० दिवस उपलब्ध असतो. हातात ऑर्डर असताना त्याचा उपयोग करून आधी काम पूर्ण करावे आणि ड्रायव्हरचा शोध नंतर शांतपणे घ्यावा.

आता ऑपरेटिंग सिस्टिमची निवड

डोंगलवर चालणारे सॉफ्टवेअर, किंवा ब्रदरचे पीई-डिझाईन आणि हॅच यांसारखे केवळ विंडोजसाठी असलेले सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरची विंडोज ११ घ्यावी. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. टीपीएम काही वेळा संगणकात असूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असते, त्यामुळे लॅपटॉप मोडीत काढण्याआधी तेवढे तपासून घ्यावे.

मॅक घरात असेल आणि काम विकत घेतलेली डिझाईन थोडी लहान-मोठी करून मशीनवर नेण्यापुरते असेल, तर मॅक बदलू नये. एम्ब्रिलियन्स मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालते आणि इंकस्टिच आहेच. मात्र मॅक घेऊन त्यात विंडोज चालवू, या भरवशावर नवा मॅक घेऊ नये. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या, ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये विंडोज थेट बसवण्याची बूट कॅम्प ही सोय नाही. तेथे आभासी पद्धतीने चालते ती एआरएमची विंडोज, आणि डोंगलचा वर सांगितलेला प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो. जुन्या मॅकवर कॅटॅलिना, म्हणजे २०१९ ची आवृत्ती, किंवा पुढची टाकण्यापूर्वी सॉफ्टवेअर ३२ बिटचे तर नाही ना, हे पाहावे. ते त्यानंतर उघडत नाही.

लिनक्स मी त्यांनाच सुचवतो ज्यांचे सगळे काम इंकस्टिचवर होते. जुन्या लॅपटॉपला त्याने चांगले आयुष्य मिळते आणि फॅट-३२ चा पेनड्राइव्ह त्यावर विनासायास तयार होतो. विंडोजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर वाइन या सोयीतून चालवण्याच्या आशेवर व्यवसाय उभा करू नये; डोंगल तेथे सहसा चालत नाही.

जुने डोंगल, जुने सॉफ्टवेअर आणि जुना संगणक हे तिन्ही एकत्र नीट चालत असतील, तर त्यांना तसेच चालू द्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. असा जुना, उदाहरणार्थ विंडोज ७ चा, लॅपटॉप इंटरनेटपासून पूर्ण तोडावा, केवळ पंचिंगला ठेवावा, फाइली पेनड्राइव्हने न्याव्यात आणि ई-मेल, हिशेब, बँक यांसाठी दुसरा संगणक वापरावा. दोन साधे संगणक एका महागड्या संगणकापेक्षा या व्यवसायात अधिक उपयोगी पडतात.

जुना संगणक काढून टाकायचाच असेल, तर फॉरमॅट करण्यापूर्वी सॉफ्टवेअरचा परवाना त्याच्यावरून मोकळा करून घ्यावा. ठरावीक संगणकांवरच चालणारा परवाना फॉरमॅटने आपोआप सुटत नाही.

कोठे थांबावे

फॅट-३२ चे दोन वेगवेगळे पेनड्राइव्ह आणि खात्रीची चालू फाइल घेऊनही मशीन काहीच वाचत नसेल, तर तिचे यूएसबीचे तोंड किंवा आतला बोर्ड सदोष असण्याची शक्यता आहे. मशीन उघडू नये. अधिकृत सेवा केंद्राला बोलवावे. डोंगल दोन-तीन वेगळ्या संगणकांवरही ओळखले जात नसेल तर ते उघडू किंवा डागडुजी करू नये, कारण पुष्कळदा परवाना त्या डोंगलमध्येच असतो. विक्रेत्याकडे खरेदीच्या पावतीसह जावे.

बायोसमध्ये काही बदलण्यापूर्वी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी आहे याची खात्री करावी. संगणक ती की मागत असेल आणि ती सापडत नसेल, तर पुढे काहीही करू नये. हार्ड डिस्क खटखट आवाज करत असेल आणि डिझाईनची प्रत नसेल, तर संगणक तत्काळ बंद करून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने उरलेली माहितीही जाते. रजिस्ट्रीत बदल करा किंवा ड्रायव्हरची स्वाक्षरी-तपासणी बंद करा, असे कोणी फोनवरून सांगत असेल तरीही थांबावे.

तज्ज्ञाला बोलावताना मशीनचे पूर्ण मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ‘विनव्हर’ ही आज्ञा दिल्यावर दिसणारी विंडोजची आवृत्ती आणि बिघाड कोणत्या बदलानंतर सुरू झाला, एवढे कागदावर लिहून द्यावे. सोबत डोंगल, नेहमीचा पेनड्राइव्ह आणि त्यावर एक चालणारी व एक न चालणारी फाइल द्यावी.